नादाची रेघ आणि तंबोऱ्याची जवारी

तंबोऱ्याची तार बोटानें बाजूस ओढून धरली म्हणजे क्षणभर ती कोणता आकार घेते? दोन सरळ रेघा एका कोनांत मिळाव्यात, तसा. बोट सुटतें आणि त्या कोनांतून स्वर जन्मास येतो. नादाच्या आकाराचा इतिहास या दोन रेघांपासूनच सांगतां येतो.

फ्रेंच गणिती फूरिये यांनीं १८२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, पुनःपुन्हा येणारा आकार म्हणजे एक मूळ लहर आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाच्या लहरी यांची बेरीज होय. १८६३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं दाखविलें कीं, आवाजाचा गोडवा वा कर्कशपणा या उपस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

पुढें अमेरिकेंत, बेल प्रयोगशाळेंत, मॅक्स मॅथ्यूज यांनीं १९५७ सालीं गणकयंत्राकडून सतरा सेकंदांचें संगीत वाजवून घेतलें. त्या पहिल्या आज्ञावलीस त्रिकोणाकृति लाट तेवढी ठाऊक होती. नंतरच्या आवृत्त्यांत लाटांचीं कोष्टकें आलीं. ५१२ घरांचा एक स्तंभ कल्पावा. कोणत्या घरीं रेघ किती उंचीवर सुरू व्हावी आणि कोठें संपावी एवढेंच आपण सांगावयाचें. मधलीं घरें यंत्र भरतें. मग तें कोष्टक फिरून फिरून वाचलें जातें. सेकंदास २४० फेऱ्या झाल्या कीं २४० कंपनांचा स्वर ऐकूं येतो.

रेघांच्या ठेवणीनुसार स्वराची जात बदलते. चढ-उतार सारखे असलेल्या त्रिकोणांत केवळ विषम उपस्वर असतात व ते झपाट्यानें क्षीण होतात. तिसरा मूळ स्वराच्या एकनवमांश उरतो. करवतीच्या दात्यासारख्या लाटेंत सर्व उपस्वर असतात. दुसरा निम्मा, तिसरा एकतृतीयांश. म्हणून ती तिखट वाटते. कोन वक्रानें बुजविला कीं वरचे उपस्वर मंदावून आवाज मऊ होतो.

मुंबईनेंही असे आवाज आपलेसे केले. १९०८ सालीं विष्णु दिगंबर पलुसकरांनीं या शहरांत गांधर्व महाविद्यालय आणलें, आणि रागविद्या वर्गांत शिकविली जाऊं लागली. त्याच मुंबईंत १९८२ सालीं चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं भैरवी, ललत, तोडी, मालकंस आदि दहा राग जपानी विद्युत्वाद्यांवर वाजवून मुद्रित केले. त्या वाद्यांत कोष्टक नव्हतें; विद्युत्मंडलच दात्यांच्या व चौकोनी लाटा उत्पन्न करी.

परंतु तंबोरा या हिशोबास सहजासहजीं वश होत नाहीं. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम उपस्वर उमटूं नयेत, असा जुना नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ च्या निबंधांत दाखविलें कीं, तंबोऱ्यांत ते उमटतात! याचें कारण घोडीची किंचित् वक्र पाठ आणि तारेखालचा दोरा. कंप पावतांना तार त्या वक्रास क्षणोक्षणीं निराळी स्पर्शते. म्हणून एका झणकारांत उपस्वर क्रमाक्रमानें उमलतात. एकच कोष्टक मात्र प्रत्येक फेरीस तेंच राहतें. त्यांतून जवारी साधावयाची, तर अनेक कोष्टकें एकांतून दुसऱ्यांत हळूहळू मिसळावीं लागतात.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. गिरगांव-दादरच्या लहानशा खोलींत तंबोरा ठेवण्यास जागा नसते. तेथें विजेवरील तंबोरा सोयीचा, आणि षड्ज न ढळूं देणारा. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र विद्यार्थ्याचा कान ज्या नादांत वाढतो, त्याच नादास तो प्रमाण मानतो. आधारस्वर यंत्राकडून खुशाल घ्यावा. परंतु अधूनमधून मिरजेच्या लांकडी तंबोऱ्यापाशीं बसून, रेघेंत न मावणारें तें उमलणें ऐकावें. तें ओळखणारा कान असेल, तरच उद्यांचें कोष्टकही अधिक सुरेल भरतां येईल.