ग्रंथांसाठी बांधलेलं घर

इटलीतले जुने महाल पाहायला लोक विमानाने जातात. आमच्या नायगावहून दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ पायी गाठता येतं. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे ग्रंथ मावेनात, म्हणून त्यांनी १९३०च्या दशकात हे घर बांधलं. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचं. लोक दागिन्यांसाठी तिजोरी करतात. इथे पुस्तकांसाठी घर! मला कवी म्हणून याचा हेवा वाटतो. रमाबाईंना मात्र ते फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. तळमजल्यावरच्या वस्तू पाहताना मी त्या तारखेपाशीच अडतो.

नायगावच्या बीडीडी चाळीही १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात त्या पाडल्या जाताहेत. त्यातली एखादी खोली, आहे तशी, पाहण्यासाठी राखायला हवी.