पत्रा उतरवण्याआधी

पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मुळात मातीच्या छपरांचा. शिरूर-दौंडकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक, त्यामुळे जुन्या घरांवर सपाट धाबं असायचं. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या काटक्या, वर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृग लागण्याआधी नवी माती टाकून धाबं चोपायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पावसात कुठे गळतं ते शोधायचं, हे घरोघरचं काम होतं. शाळा, चावडी, डाकबंगला अशा सरकारी इमारतींवर मात्र मंगलोरी कौलं चढली. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ती पश्चिम भारतभर पसरत गेली होती.

मग सिमेंटचा पत्रा आला आणि दोन-तीन पिढ्यांत छपरांचं सगळं गणित बदललं.

शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव या पुणे-नगर रस्त्यावरच्या गावांत हा पत्रा आजही कुठेही मान वर केली की दिसतो. गोठ्यावर, कांद्याच्या चाळीवर, पोल्ट्रीच्या शेडवर, गुऱ्हाळावर, कारखान्यांच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या भाड्याच्या खोल्यांवर. लोकांनी तो घेतला त्याला पक्की कारणं होती. स्लॅबपेक्षा तो पुष्कळ स्वस्त, लोखंडी पत्र्यासारखा गंजत नाही, तितका तापत नाही, पावसात कान किटवणारा आवाज करत नाही. दरसाल माती टाकण्याची कटकट संपली. ज्या घरातल्या बाईने आयुष्यभर गळक्या धाब्याखाली भांडी मांडली होती, तिला हा पत्रा वरदान वाटला असेल तर त्यात नवल नाही. दौंड तालुक्यात, गुळाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या केडगावलाच पुढे अशा पत्र्यांचा कारखाना उभा राहिला. पुण्याच्या सह्याद्री इंडस्ट्रीजचा ‘स्वस्तिक’ छापाचा माल इथल्या शेतकऱ्याला चांगला परिचयाचा आहे.

या पत्र्याची कल्पना लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराची. सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धाग्यांचा पातळ लगदा फिरत्या जाळीच्या नळकांड्यावर घ्यायचा, थरावर थर चढवायचे, ओलं असतानाच नागमोडी साच्यावर टाकायचं. कागद बनवण्याच्या यंत्रावरून सुचलेली ही रीत त्याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पेटंट करून घेतली आणि जगभर विकली. भारतात ती आणली ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल या कंपनीने. १९३४ मध्ये मध्य प्रांतातल्या कैमोरला पहिला कारखाना निघाला आणि त्याच दशकात मुंबईजवळ मुलुंडला दुसरा. पत्र्याचं ‘एव्हरेस्ट’ हे नाव महाराष्ट्राच्या छपरांवर चढलं ते या वाटेने.

टर्नर अँड न्यूऑलचं मूळ गाव रॉचडेल. तिथल्या कारखान्यात धागा कातणारी नेली केर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडल्याचं डॉ. विल्यम कुक यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. कंपनीने भरपाई नाकारली. पण प्रश्न दबला नाही. सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर यांनी ३६३ कामगार तपासले आणि त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांना फुप्फुसं आवळून टाकणारा रोग असल्याचं १९३० च्या अहवालात लिहिलं. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये धुळीविरुद्ध नियमही झाले. कैमोर आणि मुलुंडचे कारखाने त्यानंतर निघाले. धूळ काय करते हे मायदेशी कायद्याच्या पुस्तकात छापून आल्यानंतर हा धंदा हिंदुस्थानात आला, हा क्रम विसरता कामा नये.

पाऊणशे वर्षांनी मुंबईत जवळजवळ तोच आकडा निघाला. घाटकोपरच्या हिंदुस्थान कंपोझिट्समध्ये, म्हणजे पूर्वीच्या हिंदुस्थान फेरोडोमध्ये, ब्रेकचे लायनर आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड बनत असे. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तिथल्या २३२ पैकी १८१ कामगारांची तपासणी केली. २२ टक्के लोकांना हाच रोग, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर रोगाचं नाव, कारण आणि उपाय सगळं काही ठाऊक होतं. तरीही कामगाराला आपली छाती स्वतःहून दाखवावी लागली, आणि ती वाचणारे डॉक्टर शोधावे लागले.

रोगाची चाल संथ असते, हीच मोठी अडचण. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसाच्या तळाशी रुततो. शरीराला तो विरघळवता येत नाही, बाहेर टाकता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि छातीच्या अस्तराचा मेसोथेलिओमा हे रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतात. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगापुढे ठेवले, तेव्हा त्यांत खाणीत कधीच काम न केलेले लोकही होते. लहानपणी ते खाणीजवळ राहिले होते, एवढंच.

भारतात कायदा कामगारापर्यंत पोहोचला तो न्यायालयामार्फत. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोवर जपायची, असं कारखान्यांवर बंधन आलं. रोगी ठरणाऱ्याला एक लाख रुपये भरपाई ठरली. देशातल्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणींचे नवे परवाने त्याआधीच, १९८६ मध्ये, थांबवले होते. पण धागा परदेशातून येत राहिला आणि पत्रे बनत राहिले. २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, ती न्यायालयाने फेटाळली. ब्रिटनने १९९९ मध्येच पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली होती. टर्नर अँड न्यूऑल २००१ मध्ये भरपाईच्या दाव्यांखाली बुडाली.

एवढ्या साऱ्या इतिहासात एक माणूस कुठेच दिसत नाही. छपरावर चढून पत्रा काढणारा.

चाळीस वर्षं नोंद जपण्याचा नियम आहे तो कारखान्याच्या हजेरीपटावरच्या माणसासाठी. शिक्रापूरच्या चौकात सकाळी कामाच्या शोधात उभ्या राहणाऱ्या मजुराला हजेरीपट नाही. आज शेड उतरवायची, उद्या पाया खणायचा, परवा दुसऱ्या गावी. त्याला धूळ लागली तर त्याचं बिल २०५० च्या सुमारास फाटेल, तेव्हा ठेकेदार कोण, जागा कुणाची, हे कुणाच्याही आठवणीत नसेल. आणि हे काम आता वाढतंय. पुणे-नगर रस्त्याकडेची जुनी बांधकामं जातायत, शेतांच्या जागी गोदामं आणि गृहप्रकल्प येतायत, पहिल्या पिढीचे गोठे आणि खोल्या पाडून तिथे स्लॅब पडतायत. घाई असली की जेसीबीचा पंजा सरळ छपरावर बसतो आणि पत्रा, लाकूड, विटा यांचा एकच ढीग होतो.

घाबरून जाण्याचं कारण नाही, पण फरक समजून घ्यायला हवा. धडधाकट, रंगवलेला, कुणी हात न लावलेला पत्रा फारसं काही सोडत नाही. धागे सिमेंटमध्ये पक्के धरलेले असतात. पावसापाण्याने झिजून वरची कड खरखरीत झालेला, शेवाळ खरडून काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासलेला पत्रा धोक्याचा. ग्राइंडरने कापलेला, ड्रिलने भोकं पाडलेला, उंचावरून फेकून फोडलेला त्याहून कितीतरी जास्त. आणि हाताने चुरडला जाणारा माल सर्वांत वाईट: बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरचे लेप, भट्टीच्या दाराला लावलेली दोरी, जुनी गॅस्केट. दौंड हे १८७८ पासून मनमाडकडच्या फाट्याचं जंक्शन, वाफेच्या इंजिनांचं जुनं ठाणं. शिरूर-दौंडचा हा टापू साखर कारखान्यांचाही. असा जुना बॉयलर जिथे भंगारात निघतो, तिथे पत्र्याच्या कैकपट काळजी लागते.

म्हणून पाहणी आधी आणि पाडकाम नंतर. ब्रिटनमध्ये २००० पूर्वीची कोणतीही इमारत पाडण्याआधी किंवा मोठी दुरुस्ती करण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची स्वतंत्र पाहणी करावी लागते. तिच्यात जादू काही नाही. इमारत कधीची, नंतर काय काय जोडलं, हे मालकाला आणि गावातल्या जुन्या गवंड्याला विचारायचं. मग वरून खालपर्यंत फिरायचं: पत्रे, कोन्यावरचे ढापे, पन्हळी, पावसाच्या पाण्याच्या नळ्या, सिमेंटच्या टाक्या, छताखालचे बोर्ड, खोल्यांमधली पडदी, जमिनीखालची अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटची (एसी) पाइपलाइन. पत्र्यावर आयएस ४५९ हा शिक्का असेल तर शंकाच नको, ते अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचंच मानक आहे. शिक्का पुसला असेल तर नखाएवढा तुकडा ओला करून काढायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यायचा. अलीकडे अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले सिमेंट पत्रेही मिळतात आणि दिसायला ते सारखेच असतात. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. अहवाल येईपर्यंत तो अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चालायचं.

उतरवण्याची रीतही हातातली आहे. पत्रे आधी पाण्याने भिजवायचे, पाण्यात थोडा साबण घातला तर ओल नीट मुरते. जे-बोल्टचे नट सोडवायचे, गंजून बसले असतील तर बोल्ट कापायचा. पत्र्याला हातोडा लावायचा नाही. एकेक अखंड पत्रा दोघांनी धरून खाली द्यायचा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. तोंडाला रुमाल बांधून हा धागा अडत नाही, त्यासाठी चांगला गाळणीचा मास्कच लागतो. कोरडा झाडू बंद. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. शिवाय सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. मधोमध पाय पडला की तो फुटतो आणि माणूस खाली जातो. चालायला आडव्या फळ्या टाकल्या तर हाही जीव वाचतो. या सगळ्याला अर्ध्या दिवसाचं काम वाढतं.

उतरलेल्या पत्र्याचं काय करायचं, इथे घोडं अडतं. अखंड पत्रा जुन्या मालाच्या दुकानात जाऊन दुसऱ्या गोठ्यावर चढतो. फुटलेला वाटेतल्या खड्ड्यात, नाहीतर जोत्याच्या भरीत जातो आणि चाकांखाली त्याची भुकटी होते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवताना निघणारा कचरा घातक म्हणून नोंदलेला आहे. त्याच मालाचा तुकडा चाळीस वर्षांनी घरावरून खाली आला की व्यवहारात तो नुसता राडारोडा ठरतो. ही फट बुजवायला शिरूर तालुक्याइतकी सोयीची जागा सापडायची नाही, कारण घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारं, राज्यातल्या मोजक्या केंद्रांपैकी एक, रांजणगाव एमआयडीसीतच आहे. शिक्रापूरहून पुणे-नगर रस्त्याने पुढे गेलं की ते येतं.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, आणि तो गोठेवाल्यावर ढकलून सुटणार नाही. दक्षिण कोरियाने १९७० च्या दशकात ‘साएमाउल’ या ग्रामसुधार मोहिमेत खेड्यांतली गवती छपरं काढून त्यांच्या जागी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे बसवले होते, अगदी आपल्या धाब्यांचं झालं तसंच. २००९ मध्ये तिथे पूर्ण बंदी आली आणि पुढे सरकारने खेड्यांतले हे पत्रे उतरवण्यासाठी अनुदान देणं सुरू केलं. पोलंडने २०३२ पर्यंत देशातलं सगळं अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचा कार्यक्रम आखला आहे.

इथे सुरुवात करायला जिल्हा परिषदेच्या शाळा योग्य आहेत. शिक्रापूरच्या वाबळेवाडीची शाळा काचेच्या वर्गखोल्यांमुळे राज्यभर गाजली. असं नवं उभारण्याची हौस आणि लोकवर्गणीची ताकद या गावांत आहे. जुनी खोली पाडायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, अभियंता इमारत पाहतो, मूल्यांकन होतं, मग साहित्याचा जाहीर लिलाव होतो आणि पत्रेही त्यात विकले जातात. या प्रस्तावात एक रकाना अ‍ॅस्बेस्टॉसचा असावा: आहे का, कुठे, किती, कोणत्या अवस्थेत. असेल तर ते पत्रे लिलावातून वगळावेत, सुट्टीत मुलं नसताना ओले करून उतरवावेत, रांजणगावच्या केंद्रापर्यंतचं भाडं आणि शुल्क पाडकामाच्या अंदाजपत्रकातच धरावं. आणि ज्या मजुरांनी ते उतरवले त्यांची नावं तारखेसह शाळेच्या दप्तरी लिहून ठेवावीत, चाळीस वर्षांसाठी.