जानेवारी, पण कोणत्या सालचा?

आपला 'परवा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'परवा आलो' म्हटले की तो मागे जातो, 'परवा येतो' म्हटले की पुढे. क्रियापद ऐकले की कोणी चुकत नाही. जुन्या इंग्रजी कागदांत मात्र काळ इतका सहज उलगडत नाही, हे मी फजिती होऊन शिकलो.

महाविद्यालयात असताना मी शिवकालातील घटनांचा तक्ता केला होता. लाल महालातील छापा एप्रिल १६६३ चा. सुरतेची लूट मात्र इंग्रजी तारखेवरून मी जानेवारी १६६३ मध्ये मांडली. म्हणजे लूट आधी आणि छापा नंतर! शाहिस्तेखानाच्या तीन वर्षांच्या तळाने मुलूख नागवला, त्याची भरपाई महाराजांनी सुरतेतून केली, ही सारी संगतीच उलटी झाली. तक्ता पाहून सरांनी एवढेच विचारले, "इंग्रजांचे वर्ष तेव्हा कधी सुरू होई?"

ते सुरू होई २५ मार्चला. जानेवारी, फेब्रुवारी हे त्यांच्या लेखी सरत्या वर्षाचे महिने. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी १६६४ म्हणतो, तो त्यांचा जानेवारी १६६३. घोटाळा टळावा म्हणून काही जण १६६३/६४ असे जोडसाल लिहीत.

दिवसांचेही तसेच. पोर्तुगालने १५८२ सालीच ग्रेगरीची नवी कालगणना स्वीकारली, इंग्रज जुनीलाच धरून राहिले. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याची तारीख मुंबईतल्या इंग्रजांच्या तारखेपेक्षा दहा दिवस पुढे असे. शिवराज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा दिवस जुन्या गणनेचा. नव्या गणनेने तो १६ जून. इंग्लंडमध्ये १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले आणि त्याच साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला.

पुढच्या काळातील व्यापारी पत्रांत आणखी तीन शब्द भेटतात. 'अल्टिमो' म्हणजे गेल्या महिन्याची तारीख, 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिन्याची, 'प्रॉक्झिमो' म्हणजे येत्या महिन्याची. पत्र कोणत्या महिन्यातले हे ठाऊक नसेल, तर '१० अल्टिमो' वाचून काहीच कळत नाही.

तेव्हापासून जुना कागद हाती आला की मी आधी पाहतो, तो कोणी, कुठे आणि कोणत्या गणनेने लिहिला. तारीख त्यानंतर वाचतो.