सर्व्हरवर जागा आहे, तरी फाइल सेव्ह का होत नाही?

लिनक्स सर्व्हरच्या डिस्कवर भरपूर जागा असूनही कधी कधी ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ असा संदेश येतो. अशा वेळी डिस्क नव्हे, तर त्या वापरकर्त्याला ठरवून दिलेला कोटा संपलेला असतो.

‘डीएफ’ ही कमांड संपूर्ण डिस्कचा हिशेब देते. आपला हिशेब ‘कोटा’ कमांडने पाहा. मर्यादा दोन असतात: एकूण आकाराची आणि फायलींच्या संख्येची. जिथे आकड्यापुढे तारांकन दिसेल, ती मर्यादा ओलांडलेली आहे. संख्येची असेल, तर एखादी मोठी फाइल काढून फारसा उपयोग नाही.

सॉफ्ट लिमिट ओलांडल्यावर सहसा ७ दिवसांची मुदत मिळते. हार्ड लिमिट लगेच अडवते.

कोटा भरलेला असताना महत्त्वाची फाइल सेव्ह करू नका. ती अर्धवट किंवा रिकामी होऊ शकते. आधी जागा मोकळी करा.