खोळंबा नेमका कोणामुळे?

तेलगळतीची भरपाई मागणारे लोक विहिरींच्या वाटा अडवतात, तेव्हा एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. देशाला तेल हवे आहे, उत्पादन बंद पाडणे हा देशद्रोहच. कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, तिथे दाद मागा. २०२० साली आसामातल्या बागजानच्या लोकांनाही हेच ऐकवले गेले. २७ मे रोजी ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या विहिरीतून वायू उसळला, ९ जूनला ती पेटली, दोन अग्निशमन कर्मचारी दगावले, गावे उठून छावण्यांत गेली. मग बंद आणि नाकेबंदीमुळे किती उत्पादन बुडाले याचे आकडे कंपनीच्या पत्रकांतून येऊ लागले.

ते नुकसान खरे आहे. पण ती विहीर नोव्हेंबरपर्यंत जळत होती. तो वायू आंदोलकांनी वाया घालवला नव्हता.

आता न्यायाधिकरणाबद्दल. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. २०१० चा त्याचा कायदा चांगला आहे: कलम १७ प्रमाणे अपघातात कंपनीची चूक सिद्ध करण्याचे ओझे पीडितावर नाही. तरी मुंबईचा अनुभव पाहा. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'एम. व्ही. राक' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळच्या समुद्रात बुडाले, इंधनतेलाचा तवंग पसरला. निकाल लागला ऑगस्ट २०१६ मध्ये. शंभर कोटींची भरपाई ठरली, तीही केंद्राच्या नौवहन मंत्रालयाकडे भरायची. तवंगामुळे ज्याची जाळी खराब होतात, त्याला पाच वर्षे थांबा म्हणणे मला क्रूर वाटते. त्याचे घर रोजच्या म्हावऱ्यावर चालते.

कायद्याला वेळ लागणारच, असेही म्हणतात. बागजाननेच ते खोडून काढले. उद्रेकानंतर महिन्याच्या आत, २४ जूनला, याच न्यायाधिकरणाने कंपनीला २५ कोटी रुपये अंतरिम म्हणून जमा करायला सांगितले. म्हणजे आधी रक्कम ठेवून घेऊन नंतर हिशेब करता येतो. हा अपवाद नियम झाला, तर रस्त्यावर उतरण्याचे मोठे कारणच उरत नाही. उत्पादनाची खरी काळजी असलेल्यांनी ही मागणी स्वतःहून करायला हवी.

उरतो एक आक्षेप: लगेच पैसे दिले तर खोटे दावेदार घुसतील. उरणच्या खाडीतली मासेमारी बंदराच्या कामांनी बुडाली, त्या प्रकरणात न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख ८४ हजार रुपये ठरवले. देणाऱ्यांत जेएनपीटी आणि सिडकोबरोबर ओएनजीसीही होती. पावत्या न ठेवणाऱ्या, होडी आणि हातजाळ्यांवर जगणाऱ्या कोळ्यांचीही मोजदाद तिथे झाली. अशी मोजदाद गळतीनंतर पहिल्या महिन्यात सुरू करायला कायद्याची आडकाठी नाही.