साखर कारखान्यांच्या सावलीतली महाविद्यालये

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये अहमदनगर कॉलेज सुरू केले. पुढील दशकांत ऊसपट्ट्यात महाविद्यालये आली, राहुरीला कृषी विद्यापीठ उभे राहिले. प्राध्यापकांच्या पगाराचा भार मुख्यतः सरकारी अनुदानावर होता.

याच जिल्ह्यातील प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह शेतकऱ्यांची मेहनत होती. सहकारातून शिक्षणाकडे वळण्याची रीत इथेच रुजली. साखरपट्ट्यात शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे कापले जात आणि त्यातून शिक्षणसंस्थांना हातभार लागे. या उभारणीत सामान्य सभासदाचा वाटा मोठा आहे, पण इतिहासात त्याची नोंद फारशी होत नाही.

1983 मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणी आणि संगमनेर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. गावातल्या मुलांना घराजवळ पदवी मिळू लागली, मात्र खर्च पालकांवर आला. ऑस्ट्रेलियाने 1989 मध्ये विद्यार्थ्यांकडून शुल्काचा वाटा घेणे सुरू केले, पण तो उत्पन्न सुरू झाल्यावर फेडण्याची मुभा ठेवली. इथल्या कुटुंबांना मात्र प्रवेशाच्या वेळीच पैसे उभे करावे लागत, आणि हा फरक लहान शेतकऱ्याला फार जड गेला.

2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क राज्य सरकार भरते.