बर्फावरील पादबंध आणि त्याचा दाखला

नॉर्वेंतील काँग्सबर्ग येथें जन्मलेला व अमेरिकेंतील पोर्टलंड शहरीं स्थायिक झालेला ह्यालमार ह्वाम हा निष्णात स्कीपटु. १९३७ सालीं माउंट हुड पर्वतावर तो पडला आणि त्याचा पाय मोडला. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याकरितां पायांस बांधावयाच्या लांब, अरुंद फळ्या. त्या काळीं बूट त्यांवर वाद्यांनीं व तारांनीं असे जखडीत कीं, मनुष्य कोसळला तरी फळी पायास सोडीत नसे. तीच तरफेसारखी फिरे आणि नडगीचें हाड पिळवटून मोडी. रुग्णालयांत गुंगी उतरतांच ह्वामनें, ठराविक पीळ बसतांच बुटाचें टोक सोडून देणाऱ्या बंधाचें चित्र रेखाटलें, अशी कथा सांगतात. कथेंत थोडें मीठमसाला असेल. बंध मात्र खरा होता. तो 'सेफ-स्की' या नांवानें विकला गेला.

पण 'सुरक्षित' हें नांव कोणासही देतां येतें. १९५० नंतर युरोपांत नाना तऱ्हेचे सुटणारे बंध निघाले, तेव्हां कोणता किती पिळास सुटेल हें गिऱ्हाइकानें ओळखावें कसें? जर्मन मानकसंस्थेचें नांव 'डिन'. बंधावरील आंकड्यास लोक अद्यापि तेंच नांव देतात. पुढें आंतरराष्ट्रीय मानकें झालीं. आयएसओ ९४६२ हें बंधाचें, ५३५५ हें बुटाच्या तळव्याचें. ट्यूफसारखी त्रयस्थ संस्था बंध तपासून दाखला देते.

हा दाखला यंत्राचा आहे, तें वापरणाऱ्याचा नव्हे. येथेंच पुष्कळांची फसगत होते. आंकडा लावावयाचा तो वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून. पन्नाशी गांठलेल्यास तो एक पायरी खालीं घ्यावा लागतो. प्रौढीपायीं आपणांस निष्णात म्हणविणारा मनुष्य आंकडा वाढवून घेतो, आणि मग प्रमाणित बंधही वेळेवर सुटत नाहीं. दुकानदारानें जोडणी व तपासणी कशी करावी यासाठींही ११०८८ हें निराळें मानक आहे.

व्हरमाँटमधील शुगरबुश येथें १९७२ पासून चाललेल्या निरीक्षणांत नडगीचे अस्थिभंग पुष्कळ घटलेले आढळले. गुडघ्यांतील स्नायुबंधांस मात्र या बंधांनीं तसें अभय दिलें नाहीं, कारण मानकांतील मापें मुख्यतः नडगीच्या हाडाची शक्ति पाहून ठरलेलीं. शिवाय बंध उत्तम असला तरी बुटाचा तळवा झिजलेला किंवा भलत्याच मानकाचा असेल, तर टोक अडकून बसतें. म्हणून जाणता दुकानदार बंधाआधीं बूट उलटा करून पाहतो.